उंबरठ्याच्या आतली अहिंसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत श्राविका संमेलनाच्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांत या ट्रस्टने बस्तीचा जीर्णोद्धार केला, मुलींचे वसतिगृह उभे केले, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहेच. मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो मंगल प्रसंगी काहींना अप्रशस्त वाटेल. विषय सुचवला तेव्हा एका विश्वस्तांनी मोठ्या आपुलकीने विचारले, "अक्का, आनंदाच्या दिवशी हे कशाला?" मी म्हटले, वर्षातला कोणता दिवस यासाठी चालेल ते सांगा, मी त्या दिवशी येईन. त्यांनी हसून आजचीच तारीख दिली. त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानते.

विषय आहे जवळच्या नात्यांतील छळाचा. पतीकडून पत्नीचा, सासरकडून सुनेचा, मुला-सुनेकडून वृद्ध आई-वडिलांचा, क्वचित पत्नीकडून पतीचाही. आपण अहिंसेला परमधर्म मानणारी माणसे. पाणी गाळून पितो, दिवेलागणीपूर्वी जेवतो, पावसाळ्यात हिरवी पालेभाजी वर्ज्य करतो. म्हणून आपल्या घरांत हे नसेल, असा एक समज आपणच जपलेला आहे. तो समज माझाही होता. तो कसा गेला ते आधी सांगते. न सांगता पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

समाजाच्या समेट समितीवर मी अनेक वर्षे काम केले. सुमारे अठरा वर्षांपूर्वी एक प्रकरण आमच्याकडे आले. (त्या भगिनीच्या संमतीने सांगत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) लग्नाला तीन वर्षे झालेली, पती सुशिक्षित, रोज अभिषेकाला उपस्थित असणारा. बैठकीत आम्ही आठ पुरुष आणि दोन स्त्रिया. समोर ती, तिच्या शेजारच्याच खुर्चीवर तिचे पती, मागे सासू-सासरे. ती एवढेच म्हणाली, "मारतात." कोणीतरी विचारले, "किती वेळा?" तिने सासूबाईंकडे पाहिले आणि ती गप्प झाली. दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "बाळ, परवाच क्षमावाणी झाली. सोडून दे. जुळवून घे." सर्वांनी माना डोलावल्या. चहा झाला, ती परत गेली, आणि समितीच्या वहीत 'समेट झाला' अशी नोंद झाली. ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

दोन वर्षांनी ती बाजारात भेटली. मी डाव्या बाजूने हाक मारली तर तिला कळेना. पुढे जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा तिने उजवा कान माझ्याकडे वळवला. डाव्या कानावर बसलेल्या थपडेने पडदा फाटला होता आणि उपचार वेळेत झाले नव्हते. मला काय बोलावे सुचेना. तीच म्हणाली, "मी क्षमा केली होती, अक्का. त्यांनी मागितली कधी होती?"

आजचे माझे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवतीचे आहे.

प्रथम, छळ ओळखायचा कसा? संसार म्हटला की भांड्याला भांडे लागते, हे खरेच आहे आणि प्रत्येक कुरबुरीला छळ म्हणणे हाही अन्यायच होईल. पण भांडणात दोन्ही बाजू बोलतात. छळात एक बोलतो आणि दुसरा त्याचा चेहरा वाचत राहतो. घरात गाडीचा आवाज आला की कोणाच्या हाताला कंप सुटतो? बोलण्यापूर्वी कोण परवानगीसारखे पाहते? माहेरचा फोन आला की स्पीकर कोण चालू करायला लावते? भांडणानंतर चूक कोणाचीही असली तरी माफी नेहमी एकच व्यक्ती मागते का? या प्रश्नांची उत्तरे त्या घरातील माणसाला ठाऊक असतात. शेजाऱ्यालाही बहुधा असतात.

दुसरे लक्षण असे की छळ चक्राकार चालतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली हे चक्र मांडले. आधी ताण साठत जातो, मग स्फोट होतो, मग पश्चात्तापाचा आणि लाडाचा काळ येतो. मारल्याच्या तिसऱ्या दिवशी साडी येते, डोळ्यांत पाणी येते, शिखरजीच्या यात्रेचा बेत ठरतो. हा काळ खोटाच असतो असे मी म्हणत नाही. त्या क्षणी तो माणूस कदाचित खराच विरघळलेला असतो. पण चक्र फिरतच असते, आणि आपण वडीलधारी मंडळी नेमके या तिसऱ्या टप्प्यावर तिच्या घरी जातो, सारे आलबेल पाहतो आणि समाधानाने परततो.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गुरुजी शिकवताना बैलाचे आणि घोड्याचे उदाहरण देत. आश्रित जीवांना बांधू नये, मारू नये, त्यांचे अवयव कापू नयेत, झेपणार नाही इतके ओझे लादू नये, त्यांचे खाणेपिणे अडवू नये. माझी नम्र विनंती आहे की हे पाच शब्द एकदा गोठ्यातून माजघरात आणून पाहावेत.

बंधाविषयी जुन्या टीकांत एक हृद्य विचार आढळतो. जनावर बांधावेच लागले तर दावे सैल असावे, म्हणजे आग लागली तर त्याला सुटता येईल. आपल्या काही सुनांचे दावे एवढेही सैल नसते. फोन तपासला जातो, आधार कार्ड आणि पासबुक सासऱ्यांच्या कपाटात असते, मैत्रिणी एकेक करून तुटतात, माहेरी जाणे सणापुरते आणि तेही सोबतीने. बाहेरून पाहणाऱ्याला यात कुठेही वळ दिसत नाही. आग लागल्यावर मात्र कळते की दार आतून उघडतच नव्हते.

वधाविषयी, म्हणजे मारहाणीविषयी, मी अधिक बोलत नाही. छेद या शब्दाचा अर्थ ओढूनताणून लावते आहे असे पंडितजींना वाटेल. पण पत्नीची पदवीची प्रमाणपत्रे रागाने फाडून टाकलेली मी पाहिली आहेत, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला तरी तो अवयवच कापल्यासारखा वाटला. अतिभाराचे उदाहरण देण्याची या सभागृहातील भगिनींना गरज नाही.

अन्नपाननिरोधापाशी मात्र थांबावेसे वाटते, कारण येथे आपला धर्मच हत्यार म्हणून वापरला जातो. एका घरात नोकरी करणारी सून संध्याकाळी साडेसातला परतते. घरात रात्रिभोजनत्याग आहे, जो स्तुत्यच आहे. पण दिवस मावळण्यापूर्वी तिचा डबा कचेरीत पोहोचावा अशी व्यवस्था कोणी करत नाही, सकाळी जास्तीच्या दोन पोळ्या नेऊ दिल्या जात नाहीत, आणि रात्री स्वयंपाकघराला कुलूप लागते. आठवड्यातून चार-चार दिवस ती उपाशी झोपते आणि वर ऐकते की तिला व्रताची गोडी नाही. व्रत हे स्वतः, समजून-उमजून घ्यायचे असते. दुसऱ्याने लादलेल्या उपासमारीला आपल्या शास्त्रात उपवास म्हटलेले नाही. तिला अतिचार म्हटले आहे, आणि तो कुलूप लावणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

सत्याणुव्रताच्या अतिचारांतही दोन शब्द असेच आहेत. रहोभ्याख्यान म्हणजे स्त्री-पुरुषांच्या एकांतातील गोष्ट उघड करणे. पत्नीचे खाजगी छायाचित्र किंवा संदेश नातेवाइकांना दाखवण्याची धमकी ज्यांनी दिली आहे, त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. दुसरा शब्द न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे. लग्नात मुलीला मिळालेले दागिने 'सुरक्षित राहतील' म्हणून सासूबाईंच्या कपाटात जातात आणि पुढे दिराच्या लग्नात मोडले जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन ही सर्वस्वी स्त्रीचीच मालमत्ता आहे आणि सासरकडे ते केवळ विश्वासाने सोपवलेले असते, असे स्पष्ट केले. आपल्या आचार्यांनी याला कितीतरी शतके आधी नाव देऊन ठेवले होते.

वृद्धांच्या बाबतीतही हेच घडते. घर आणि दुकान मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलेले एक अण्णा मला ठाऊक आहेत. बस्तीला जाण्यासाठी रिक्षाचे पैसे ते नातवाकडे मागतात, कारण मुलाकडे मागितले की हिशेब ऐकावा लागतो. त्यांना कोणी मारत नाही. त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. महिना-महिना बोलत नाही. एखाद्याला घरात असून नसल्यासारखे करणे ही क्रूरता आहे, हे मान्य करायला आपल्याला फार वेळ लागतो.

हे सारे सुरू असते तेव्हा आपण काय करत असतो? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसली होती. त्याच पाहणीतील दुसरा आकडा मला अधिक बोचतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाहीच, शिवाय कोणाला सांगितलेही नाही. त्या का सांगत नाहीत, याचे उत्तर मी त्या समेट बैठकीतच देऊन ठेवले होते.

कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्ही मार्गांनी हिंसेचे पाप लागते, असे आपण रोज म्हणतो. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून दूरदर्शनचा आवाज वाढवणारा शेजारी, 'तिच्या तोंडालाच लगाम नाही' म्हणणारी जाऊ, 'धाकटीचे लग्न व्हायचे आहे, आता बोभाटा नको' म्हणून लेकीला परत पाठवणारा बाप, यांना अनुमोदनेतून सुटका कशी मिळेल? मी माझी स्वतःची गणनाही यांतच करते.

काही जण म्हणतात, हा तिच्या पूर्वकर्माचा उदय. असातावेदनीय कर्म आपण मानतो. पण ताप आला असता कर्माचा उदय म्हणून आपण औषध नाकारत नाही, चांगल्या डॉक्टरांची वेळ घेतो. मग तिच्याच बाबतीत कर्मसिद्धान्त एवढा कडक का होतो? शिवाय तिचे कर्म उदयास आले असे मानले, तरी हात उचलणारा त्याच क्षणी नवे कर्म बांधत असतो. त्याला त्यापासून परावृत्त करणे हे त्याच्याही हिताचे आहे.

आणि आता क्षमा. दशलक्षणातील पहिला धर्म उत्तम क्षमा, दुसरा उत्तम मार्दव, म्हणजे अहंकाराचा त्याग. त्या बैठकीत पहिला धर्म आम्ही तिला सांगितला. दुसरा त्याला सांगायचा राहूनच गेला. प्रायश्चित्ताचा आपला क्रम पाहा. आधी आलोचना, म्हणजे आपला दोष आपल्या तोंडाने, काही न लपवता सांगणे. मग प्रतिक्रमण, दोषापासून मागे फिरणे. पुढे ते पुन्हा न करण्याचा नियम, म्हणजे प्रत्याख्यान. 'तिने चिडवले म्हणून हात उठला' ही आलोचना होत नाही. मुनिसंघातील प्रायश्चित्तांत परिहार नावाचाही एक प्रकार आहे: दोषी व्यक्तीला काही काळ संघापासून दूर ठेवणे. मुनींच्या संघात जे अंतर धर्मसंमत आहे, ते अंतर संसारात एका जखमी स्त्रीने मागितले तर आपण तिला घर मोडणारी का म्हणावे? मनातून वैर काढून टाकणे ही क्षमा. ती दुसऱ्या गावी, वेगळ्या छताखाली राहूनही करता येते.

'पोलिसांत जाणे म्हणजे हिंसा नव्हे का?' असा प्रश्न मला एका सज्जन श्रावकाने विचारला होता. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा टाळायची. आत्मरक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनीच ओळखले आहे. तक्रार-अर्ज लिहिणे तर त्या पातळीपर्यंतही पोहोचत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक, असे हिंसेचे चारही प्रकार त्यात येतात. तक्रार पोलीस ठाण्यातच नेली पाहिजे असे नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि संरक्षण, निवास व खर्च यांचे आदेश मिळू शकतात. 'घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निर्णय दिला आहे की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले, तरी ती तेथे संसार करत असेल तर ते सामायिक घर ठरू शकते. २०१६ पासून ही तक्रार घरातील स्त्रीविरुद्धही करता येते. म्हणजे सुनेकडून छळ सोसणाऱ्या सासूलाही हा मार्ग खुला आहे. जुने ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आले आहे. पुरुषांना २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. पण मार्गदर्शन, समुपदेशन आणि मारहाणीची फौजदारी तक्रार त्यांनाही करता येते; लाजेने गप्प बसू नये.

ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. 'माझा सांभाळ करावा' या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळवण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. म्हणून माझी विनवणी आहे की बक्षीसपत्र करायचेच असेल तर ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्या. संकोच वाटेल. मुलगा चांगला असेल तर त्यालाही त्या एका ओळीने काही कमीपणा येणार नाही.

ज्या भगिनी आज अशा परिस्थितीत आहेत, त्यांना वेगळे सांगते. एका तरी विश्वासू व्यक्तीला सर्व सांगा. डॉक्टरांना 'जिन्यावरून पडले' असे सांगू नका. खरे कारण कागदावर येऊ द्या. तारखा लिहून ठेवा, पण ती वही घरात ठेवू नका. कागदपत्रांच्या प्रती आणि दागिन्यांची छायाचित्रे माहेरी किंवा मैत्रिणीकडे असू द्या, थोडे पैसे वेगळे ठेवा. घर सोडण्याचे ठरवले तर आधी जाहीर करू नका. सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. महिलांसाठी १८१, तातडीच्या प्रसंगी ११२, मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. शासनाची 'सखी' केंद्रे आहेत, जेथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय आणि कायदेशीर साहाय्य एका ठिकाणी मिळते. महाराष्ट्रात पोलिसांच्या सोबतीने चालणारे विशेष साहाय्य कक्षही आहेत. १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्यांची सुरुवात केली.

आणि ज्यांच्याकडे ती बोलायला येईल त्यांना एकच सांगते, आधी पूर्ण ऐकून घ्या. 'तू काय केलेस?' हा प्रश्न पहिला विचारू नका. पूर्वी आपण 'जुळवून घे' म्हणायचो, आता 'ॲडजस्ट कर' म्हणतो. आणि म्हणतो मात्र अजूनही तिलाच.

शेवटी ट्रस्टपुढे तीन विनंत्या ठेवते. मुंबईचा श्राविकाश्रम, सोलापूरचा राजुलमती श्राविकाश्रम या आपल्याच समाजाच्या संस्था. निराधार आणि परित्यक्ता स्त्रियांना शिक्षण देऊन उभे करण्याचे काम आपल्या पूर्वजांनी त्या काळात केले, तेव्हा आज हे काही नवे मागणे नव्हे. पहिली विनंती, समेट समितीने यापुढे दोन्ही पक्षांना कधीही एकत्र बसवू नये. तिचे म्हणणे प्रशिक्षित स्त्रियांनी, बंद दाराआड, स्वतंत्रपणे ऐकावे, आणि जेथे मारहाण आहे तेथे समेटाचा आग्रह धरू नये. दुसरी, आपल्या मंगल कार्यालयातील स्त्रियांच्या प्रसाधनगृहाच्या दारावर, आतल्या बाजूने, १८१ हा क्रमांक चिकटवावा. आतल्या बाजूने अशासाठी, की तो वाचताना तिला कोणी पाहू नये. तिसरी, मुलींच्या वसतिगृहातील तळमजल्यावरची एक खोली अशा भगिनीच्या एक-दोन रात्रींच्या निवाऱ्यासाठी राखून ठेवावी.

व्याख्यानापूर्वी अध्यक्षमहोदयांशी माझे बोलणे झाले. पहिल्या दोन विनंत्यांना त्यांनी होकार दिला आहे. खोलीविषयी विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत निर्णय होईल. रात्री-अपरात्री कोणी दार वाजवले तर किल्ली कोणाकडे असावी, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे. माझे घर वसतिगृहापासून चार मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि मला रात्री फारशी झोप लागत नाही. किल्ली माझ्याकडे द्यावी, असे मी त्यांना लिहून दिले आहे.